कल्हई केलेली टाकी

मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात गल्ल्यावर बाई बसलेली दिसली की गिऱ्हाईक आधी तिच्या पाठीमागे बघतं. मागे कोणी पुरुष नाही अशी खात्री झाली की विचारतं, "शेठ नाहीत का?" सिल्वासात डोकमर्डीच्या रस्त्यावर मी अशी कित्येक वर्षं बसले. सुरुवातीला मी म्हणायची, "येतील थोड्या वेळात." पुढे म्हणायला लागले, "शेठ कारखान्यात आहेत. तुम्हाला क्लचची केबल पाहिजे की शेठ पाहिजेत?" बहुतेकांना केबलच पाहिजे असायची.

शेठ म्हणजे माझे यजमान मधुकर. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून इथेही नानाच लिहिते. ते खानदेशातले, चोपड्याकडचे. मी पालघरकडची. ऐंशीनंतर सिल्वासात कारखाने भराभर उभे राहिले तेव्हा जळगाव-धुळ्याची पुष्कळ मंडळी इकडे आली, त्यांत नाना होते. सूत पिळण्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्स फिटर होते. पाळी संपली की घरी येऊन चार घास खायचे, दोन तास झोपायचे आणि दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटरसायकली उघडून बसायचे. दोन खोल्यांचं घर, दोन मुली, चोपड्याला आई-वडील आणि धाकट्या भावाचं शिक्षण, एवढं त्यांच्या खांद्यावर होतं. पण केवळ गरजेपोटी ते शेडमध्ये बसत असं मी म्हटलं, तर ते खोटं होईल. त्यांना मोटरसायकल आवडायची. जेवताना रस्त्यावरून अनोळखी आवाजाची गाडी गेली की घास हातात धरून दारात जाऊन उभे राहायचे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अंतरपाट धरायला मामा मिळाले, अक्षता वाटायला माणसं मिळाली, पण थोरले जावई सापडेनात. शेवटी मांडवामागे सापडले. नवरदेवाच्या गाडीखाली आडवे झाले होते. म्हणाले, "याची चेन ढिली आहे गं. वरात काढतील आणि मध्येच उतरेल." चेन आवळली होती आणि नवा सदरा कायमचा गेला होता.

त्यांची स्वतःची गाडी मोठी, काळी, लिलावात भंगाराच्या भावात घेतलेली. ती त्यांनी तुकड्यातुकड्याने उभी केली. सुट्टीच्या दिवशी मुलींच्या जुन्या फ्रॉकच्या चिंध्या रॉकेलमध्ये बुडवून ते ती पुसत. टाकीवर धाकटी, मध्ये थोरली, मागे मी, असे आम्ही चौघे तिच्यावरून खानवेलपर्यंत जायचो. जंगलातला तो रस्ता त्यांना फार आवडे, कारण चढावर इंजिनाचा आवाज कसा बदलतो ते तिथे ऐकू येई. मला झाडं दिसायची, त्यांना आवाज ऐकू यायचा. संसार असाच चालतो.

कामाची त्यांची एक रीत होती. दुरुस्त झालेली गाडी ते स्वतः चालवून दाखवत नसत. गिऱ्हाइकाला चालवायला लावत आणि आपण मागे डोळे मिटून बसत. म्हणत, "गाडी मी बघितली. आता चालवणारा बघतो." एका कारखान्याचे सुपरवायझर होते, त्यांची कायमची तक्रार की गाडी पेट्रोल फार खाते. तीन मेकॅनिकांनी कार्बोरेटर उघडून बघितला होता. नाना त्यांच्या मागे बसून किलवणीपर्यंत गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही. तुमचा पाय ब्रेकवरून उठत नाही. घाबरता का?" साहेब चिडले. मग हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी पडलो होतो." नानांनी त्यांना चार संध्याकाळी मोकळ्या मैदानात फिरवलं, त्याची मजुरी काही लावली नाही. मी बोलले तेव्हा म्हणाले, "अगं, त्यात सामान काय लागलं?" आमच्या घरी हिशेब मी बघत असे, ते बरंच झालं.

आता टाकीची गोष्ट.

त्या काळी पेट्रोल पंप सिल्वासात होते. खानवेलच्या पुढे आत गेलं की काही नाही. तिकडच्या शाळांत आणि दवाखान्यांत काम करणारी माणसं मुंबईची, कोकणातली. त्यांच्या गाडीतलं पेट्रोल जंगलात संपलं की गाडी ढकलत आणायची. एकदा आम्ही चौघे असेच फिरायला गेलो असताना खेडेकर गुरुजी वाटेत दिसले. चिपळूणकडचे, खानवेलच्या आतल्या एका शाळेत शिकवायचे. पांढरा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला आणि दोन्ही हातांनी गाडी ढकलत होते. नानांनी आपल्या टाकीतून नळीने पेट्रोल काढून दिलं. गुरुजी म्हणाले, "नाना, देवाने उंटाला कुबड दिलं, मास्तरच्या गाडीला द्यायचं विसरला."

गुरुजी विनोद करून गेले. नानांनी तो आठवडाभर डोक्यात घोळवला. मग शेडमध्ये पत्रा कापून त्यांनी एक चपटी टाकी बनवली. सीटच्या मागे, कॅरिअरच्या जागी बसेल अशी. वरून पेटीसारखी दिसे, तिच्यावर पिशवी बांधता येई. तिच्यातून एक पाइप इंजिनाकडे नेलेला, मध्ये एक कॉक. पुढची टाकी संपली की हा कॉक उघडायचा आणि मागच्या टाकीवर घरी यायचं. पहिली टाकी त्यांनी गुरुजींना बसवून दिली. झाकणाजवळ छन्नीने 'नाना' अशी अक्षरं ठोकली. मी विचारलं, "नाव कशाला?" म्हणाले, "फुटली तर कुणाकडे आणायची ते कळायला नको का?"

खानवेलच्या बाजूच्या मास्तरांनी, सिस्टरांनी, जंगलखात्यातल्या लोकांनी या टाक्या बसवून घेतल्या. नाना खूश. त्यानंतर काही महिन्यांनी हद्दीपलीकडून, गुजरातकडून गिऱ्हाइकं यायला लागली. चांगल्या गाड्या, चांगले कपडे, भाव न करणारी माणसं. मी गल्ल्यावरून ऐकत असे.

"नानाभाई, तमारी टाकी बहु फेमस छे."

नाना लाजायचे. "कुठे जाता? डांगच्या जंगलात?"

"हां, हां, डांग. बहु अंदर."

"पाइप कुठल्या बाजूने काढू?"

"पाइप रहेवा दो. पाइप अमे लगाडी लईशुं. पण अंदर कल्हई करी आपो."

कल्हई म्हणजे पितळेच्या भांड्याला आतून लावतात ती. तिने भांड्यातलं अन्न कळकत नाही. मोटरसायकलच्या टाकीला कल्हई करत नाहीत. नानांना ही मागणी ऐकून कौतुक वाटलं. रात्री जेवताना मला म्हणाले, "गुजराती माणूस हुशार असतो बघ. गंज लागू नये म्हणून आतून कल्हई. आपल्या डोक्यात नाही आलं." बाजारातल्या कल्हईवाल्याकडे टाक्या घेऊन जाऊन त्यांनी त्या आतून चकचकीत करून आणल्या. तो कल्हईवाला त्यांच्याकडे बघून हसला होता म्हणे. नानांना वाटलं, धंदा मिळाला म्हणून हसतोय.

ज्यांनी सिल्वासा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे दारूला परवानगी आहे आणि हद्दीला लागलेल्या गुजरातेत दारूबंदी. वळणावळणावर बार. हद्द ओलांडली की एक थेंब बाळगला तरी गुन्हा. त्यामुळे हद्द ओलांडून दारू नेण्याच्या शंभर युक्त्या लोक करत. हे सगळ्या सिल्वासाला माहीत होतं, नानांनाही माहीत होतं. फक्त आपली टाकी त्या शंभरांतली एक आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

ते कळलं हद्दीपलीकडच्या एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेल्या गळक्या टाकीमुळे. पेट्रोलची टाकी वेल्डिंगला घेण्याआधी ती पाण्याने भरून, खळबळून, पुन्हा भरून ठेवावी लागते. आत पेट्रोलची वाफ राहिली तर ठिणगी पडताच टाकी फुटते. नाना कारखान्यात होते, म्हणून पाणी भरायचं काम मी घेतलं. झाकण काढलं आणि वास आला. माझे वडील रोज संध्याकाळी घेत असत, त्यामुळे हा वास मला कोणाकडून शिकावा लागला नव्हता. संध्याकाळी नाना आल्यावर मी टाकी त्यांच्या नाकाशी धरली.

"कसला वास आहे सांगा."

त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "तिकडच्या पंपावर भेसळ असते. काहीतरी मिसळत असतील."

"नाना, रम आहे ही."

आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता त्या माणसाने. कारखान्यातले भाऊबंद पगाराच्या दिवशी बारमध्ये बसायचे तेव्हा हे बाहेर त्यांच्या गाड्यांचे प्लग साफ करत बसायचे. मग खाली बसले आणि म्हणाले, "म्हणून कल्हई."

"म्हणूनच कल्हई. आणि म्हणूनच पाइप नको."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दारूवाल्यांना मदत झाली याचं त्यांना वाईट वाटलं हे खरं, पण मला वाटतं त्याहून जास्त दुःख वेगळं होतं. हद्दीपलीकडे आपल्या कामाचं नाव झालं असं त्यांना वाटत होतं, ते सगळं खोटं निघालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कल्हईवाल्या टाक्या बंद केल्या. जे बसवून गेले होते ते गेले.

थोड्या आठवड्यांनी व्हायचं ते झालं. हद्दीपलीकडच्या एका नाक्यावर अशी टाकी लावलेली गाडी पकडली. टाकीवर नाव होतंच. नाक्यावरच्या पोलिसांना हुकूम मिळाला, 'नाना' लिहिलेली टाकी दिसली की गाडी थांबवायची. आणि पहिली थांबवली ती कुणाची, तर खेडेकर गुरुजींची. गुरुजी बायकोला स्टेशनवरून आणायला वापीला निघाले होते. गाडी ठेवून घेतली. गुरुजींना सांगितलं, टाकी बनवणाऱ्याला घेऊन ये, नाहीतर तुझ्यावर केस लावतो.

गुरुजी रिक्षाने वापी गाठून आमच्याकडे आले ते बायको आणि ट्रंक घेऊनच. बाईंचा चेहरा उतरलेला. गुरुजी उभ्या उभ्या बोलले, "नाना, मी सरकारी नोकर आहे. दारूची केस लागली तर नोकरी जाते. मी तुम्हाला चला म्हणत नाही. पण दुसरं काय करावं तेही मला सुचत नाही."

आमच्या शेडचे जागामालक छगनभाई शेजारीच बसले होते. त्यांनी नानांना बाजूला घेतलं, पण आवाज हळू करायची त्यांना सवय नव्हती. "नानाभाई, मारी वात सांभळो. हद्दीच्या या बाजूला तुम्ही कारीगर. त्या बाजूला आरोपी. ते लोक इकडे येऊन तुम्हाला उचलणार नाहीत, मोठी भानगड असते. तुम्ही चालून गेलात तर ठेवूनच घेणार. जवानुं नहीं, जायचंच नाही."

छगनभाईंचं काही चूक नव्हतं. नानांना धरलं असतं तर कारखान्यातली नोकरी गेली असती, शेड बंद पडली असती. थोरली तेव्हा शाळेत होती आणि धाकटी नुकती जायला लागली होती. आणि न गेले तर एका मास्तरचा संसार उठला असता, ज्याने फक्त जंगलात गाडी ढकलायला लागू नये एवढंच मागितलं होतं.

नाना माझ्याकडे आले. "काय करू?"

मी म्हटलं, "जायचं ठरवलंय ना?"

"हो."

"मग विचारता कशाला? मीही येते. तुम्हाला आत घातलं तर कुठे घातलं ते मला कळायला पाहिजे."

छगनभाईंनी कपाळावर हात मारला. "बेन, तमे पण?" मुली आणि गुरुजींच्या बाई छगनभाईंच्या घरी थांबल्या. गुरुजी रिक्षाने पुढे गेले. नाना आणि मी काळ्या गाडीवर. हद्दीपाशी नानांनी वेग कमी केला. मला वाटलं, परत फिरतात की काय. पण ते वाकून इंजिन ऐकत होते. म्हणाले, "टॅपेट वाजतंय. उद्या बघावं लागेल." या माणसाला काय म्हणावं ते मला लग्नानंतर इतक्या वर्षांनीही कळलं नव्हतं.

नाक्यावरच्या चौकीत एक फौजदार होते, जाड भुवयांचे, चहा बशीत ओतून पिणारे. गुरुजींची गाडी बाहेर लिंबाखाली उभी होती.

"ये नाना कौन है?"

"मी. मतलब मैं." नानांचं हिंदी खानदेशी होतं. "ये टाकी मैंनेच बनाया."

"क्यूं बनाया?"

"पेट्रोल के वास्ते. जंगल में पंप नहीं है, साहेब."

फौजदारांनी हवालदाराला खूण केली. हवालदाराने गुरुजींच्या गाडीची मागची टाकी उघडून दाखवली. रिकामी होती.

"पेट्रोल के वास्ते है, तो पेट्रोल किधर है? माल देऊन परत चालला होता हा मास्तर."

गुरुजी म्हणाले, "मी दोन्ही टाक्या भरून निघालो होतो, साहेब. आणि परत नव्हे, वापीकडे जात होतो." हवालदाराने लिंबाच्या झाडाकडे बघितलं. चौकीमागे त्याची स्वतःची मोटरसायकल उभी होती; गुरुजींचं पेट्रोल कुठे गेलं ते मला कळलं. ते फौजदारांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तो विषय पुढे नेला नाही.

नानांनी खिशातून चिंधी काढली. थोरलीच्या पिवळ्या फ्रॉकची होती. तारेला गुंडाळून ती टाकीत आतून फिरवली आणि बाहेर काढून फौजदारांच्या टेबलावर ठेवली. चिंधी काळपट, चिकट झाली होती.

"ये टू-स्ट्रोक गाडी है. इसके पेट्रोल में ऑइल डालना पडता है. ते ऑइल टाकीला आतून धरून बसतं, धुतलं तरी जात नाही. इस टाकी में दारू डालके कोई पीके दिखाए, साहेब. मी जन्मभर आत बसतो."

फौजदारांनी चिंधी हुंगली, तोंड वाकडं केलं. मग हवालदाराकडून आतल्या खोलीतून एक टाकी आणवली आणि नानांच्या पुढ्यात आदळली. पकडलेल्या गाडीची टाकी. झाकण उघडंच होतं. आत पितळेच्या पातेल्यासारखी लखलखीत कल्हई. झाकणाजवळ 'नाना'.

"और ये?"

गुरुजींचं काम झालं होतं. नाना म्हणू शकले असते की माझं नाव कुणीही ठोकेल. म्हणू शकले असते, मी बनवलेली नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही.

"ये बी मेरीच है. कल्हई मैंनेच करके दिया."

फौजदारांनी बशी खाली ठेवली.

"कल्हई कायको?"

"गंज नको लागायला म्हणून."

"गंज?"

"हो."

फौजदारांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे वळले. "बेन, ये आदमी पीता है?"

मी गुजरातीत म्हटलं, "साहेब, पीत असते तर वासाने ओळखलं असतं. मग ही टाकी इथे आलीच नसती. मला कळलं त्या दिवसापासून यांनी एक कल्हईची टाकी बनवलेली नाही. पाहिजे तर तुम्ही बाजारात विचारा."

फौजदार हसले नाहीत, पण त्यांच्या चढलेल्या भुवया खाली आल्या. नानांना म्हणाले, "तू एक तर एक नंबरचा उस्ताद आहेस, नाहीतर एक नंबरचा भोळा. उस्ताद बायकोला घेऊन चौकीत येत नाही." जबाब लिहून घेतला. ज्यांना ज्यांना कल्हईच्या टाक्या दिल्या त्यांच्या गाड्यांचं वर्णन नानांनी दिलं. नावं त्यांना आठवेनात, पण कुणाच्या गाडीचा सायलेन्सर फुटका होता, कुणाची चेन कुठे घासत होती, ते सगळं सांगितलं. फौजदार कंटाळले. शेवटी म्हणाले, "मास्तरला ने. पण बाकीच्या टाक्यांचं काय? माझी माणसं काय प्रत्येक टाकीत फडकं फिरवत बसतील? काहीतरी कर. नाहीतर पुढच्या वेळी हद्द ओलांडलीस की तू आमचा."

नाना म्हणाले, "करतो, साहेब. मधला कॉक काढून टाकतो आणि पाइप पितळेने कायमचा जोडतो. मग तुमच्या माणसाने पुढची टाकी बंद करून गाडी चालू करायला सांगायची. मागच्या टाकीवर चालली तर पेट्रोल. नाही चालली तर दारू. फडकं नको."

हवालदार पहिल्यांदा बोलला, "हा, ए चाले."

बाहेर आल्यावर नानांनी गुरुजींच्या गाडीत आपल्या टाकीतलं पेट्रोल ऑइल मिसळून घातलं. पुन्हा तीच नळी. गुरुजींनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग म्हणाले, "नाना, तुम्ही आलात, माझं घर वाचलं. रागावू नका, पण ही टाकी काढून टाका. पेट्रोल संपलं तर ढकलेन मी. पण नाक्यावर पुन्हा उभं राहणं मला जमणार नाही."

मला राग आला. ज्याच्यासाठी हद्द ओलांडली, त्याला टाकी नको होती. मी काही बोलणार एवढ्यात नाना म्हणाले, "बरोबर आहे, गुरुजी. सुट्टीला शेडवर या." गुरुजी आले, तेव्हा नानांनी टाकी काढली, कॅरिअरची भोकं बुजवली, वर रंगाचा हात दिला. कुठे टाकी होती हे कुणाला सांगता आलं नसतं.

त्यानंतर दोन-तीन महिने त्यांच्या सगळ्या सुट्ट्या खानवेलच्या रस्त्यावर गेल्या. जिथे जिथे टाकी बसवली होती तिथे तिथे स्वतः गेले. सोबत वेल्डिंगचं सामान नेता येत नसे, म्हणून आधी जाऊन विचारायचे: नवा पाइप जोडून देऊ की काढून टाकू? दोन्ही फुकट. मी कधी कधी बरोबर असे. बहुतेकांचं उत्तर एकच. जंगलखात्यातले एक साहेब म्हणाले, "काढा, भाऊ. पाइपचं मला कळतं, पण बघणाऱ्याला कळणार का?" एका मास्तरांनी तर आधीच हातोडीने टाकी उचकटून ओढ्यात टाकली होती. नाना ओढ्यात उतरून ती घेऊन आले. घरी आल्यावर मला म्हणाले, "हिच्यावर नाव आहे ना माझं. ओढ्यात कशी सोडायची?"

कल्हईवाल्या टाक्यांचे मालक पुन्हा कधी आले नाहीत. एक मात्र आला, पांढऱ्या पँटमधला, आणि दुप्पट पैसे देतो म्हणाला. नाना त्याला म्हणाले, "चला, जरा फेरी मारू. तुम्ही चालवा, मी मागे बसतो." तो निघून गेला. पाठीमागे कोण बसतं याची अशा माणसांना भीती असते.

नाना जाऊन आता काही वर्षं झाली. गेले तेव्हा साठीलाही पोचले नव्हते. कारखाना बंद पडला, तरी त्यांनी शेडवर घर चालवलं, दोन्ही मुलींची लग्नं केली, भावाला शिकवलं. कुणाची फसवणूक केली असं मी कधी ऐकलं नाही. कुणी त्यांची केली असेल, तर ती बऱ्याच जणांनी केली. लोक मला म्हणतात, फार साधा माणूस होता. साधा नव्हता. मोटरसायकलच्या बाबतीत हट्टी होता, आपल्या कामाचा त्याला गर्व होता, आणि तो गर्व चारचौघांसमोर उतरला तेव्हाही आपलं काम दुसऱ्याचं म्हणून त्याने सांगितलं नाही. माझ्या नजरेत हे पुरेसं आहे.

खानवेलच्या त्या फेऱ्यांमधली शेवटची फेरी दवाखान्यातल्या एका सिस्टरकडे होती. रत्नागिरीची, ठेंगणी, मोठ्या आवाजाची बाई. पाड्यापाड्यांवर मोटरसायकलने एकटी फिरायची. नानांनी विचारलं, "सिस्टर, काढून टाकू?"

ती म्हणाली, "काढता कशाला? पाइप जोडा. बाळंतीण पाड्यावर खोळंबलीय आणि माझं पेट्रोल संपलं, तर नाक्यावरचे पोलीस येणार आहेत का माझी गाडी ढकलायला? आणि अडवलंच कोणी तर त्यालाच सांगेन, बस मागे, चल दवाखान्यात, तुलाच सुई टोचते."

नाना त्या दिवशी अंधार पडायच्या आत परत आले. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "एक राहिली."

मी ताट वाढत होते. म्हटलं, "एक पुरे आहे. भाकरी गरम आहे, जेवा आता."